आमच्याकडनं ओके हाय

कराडात कुणाच्या घरची लाइट गेली, तर माणूस आधी गॅलरीत येऊन समोरच्या घराकडे बघतो. समोरही अंधार असेल तर निवांत आत जाऊन बसतो. दुःख सार्वजनिक असलं की सोसायला सोपं जातं. नेटचं तसं नसतं. आपलं बंद पडतं तेव्हा समोरच्याचं हमखास चालू असतं, आणि हे सांगायला समोरचा स्वतः चप्पल घालून आपल्या घरी येतो.

मग सल्ले सुरू होतात. "राउटर बंद करून चालू केला का?" हा पहिला. "रिचार्ज मारलाय का?" हा दुसरा, आणि तो विचारताना नजर आपल्या ऐपतीवर फिरते. "आमचं तर एक नंबर चालतंय" हा तिसरा. हा खरं तर सल्ला नव्हे, पण सूर सल्ल्याचाच असतो. घरातली लहान पोरं, दूधवाला, पोस्टाची एजन्सी चालवणारे काका, कुणालाही विचारा, नेट का बंद आहे याचं उत्तर प्रत्येकाकडे तयार आहे. नेट मात्र बंदच.

याचं कारण मला कळलंय. नेट ही एका माणसाची वस्तूच नाही. कॉम्प्युटर एकाचा, वायर दुसऱ्याची, भिंतीवरची दिवे लुकलुकवणारी पेटी तिसऱ्याची, खांबावरची केबल चौथ्याची, आणि पलीकडे समुद्राखालून काय काय गेलंय ते कुणाचं ते देव जाणे. यातला प्रत्येक जण आपल्या हद्दीपुरता निर्दोष असतो. बिघाड कायम दोन हद्दींच्या मधल्या बांधावर सापडतो. आता बांध म्हटल्यावर आपल्या भागात पुढे काय होतं, हे वेगळं सांगायला नको. कोर्टात जात नाही एवढंच. "आमच्याकडनं ओके हाय," असं म्हणून जो तो आपापल्या घरी जातो.

दुकानातून तयार कॉम्प्युटर आणला तर निदान शिव्या द्यायला एका कंपनीचं नाव तरी असतं. आमच्या पुतण्याने तीही सोय ठेवली नाही. त्याने दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर 'बिल्ड' केला. 'घेतला' म्हटलं की त्याला राग येतो. विद्यानगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो, तेव्हा रागवायचा त्याला अधिकार आहे. काही भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून आले, काही कुरिअरने आले, आणि चार दिवस आमच्या शनिवार पेठेतल्या घराच्या माडीवर नुसती खोकी आणि थर्मोकोल. प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, पॉवर सप्लाय चौथीचा. कॅबिनेटला एका बाजूने काच आणि आत सात रंगांत फिरणारे पंखे. आईने तो पहिल्यांदा चालू झालेला बघितला आणि हात जोडले. तिचा दोष नाही, मंडळाच्या गणपतीपुढेही हल्ली हेच दिवे असतात.

खरी गंमत त्यानंतर. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुरुवातीलाच अडून बसते: आधी नेट जोडा, मग पुढचं बोलू. नेटचं पोर्ट मदरबोर्डावर आहे. पण मदरबोर्ड इतका नवा, की त्यावरच्या नेटवर्क चिपशी विंडोजची ओळखच झालेली नाही. ओळख करून देणारा ड्रायव्हर पाहिजे. ड्रायव्हर कुठे मिळतो? नेटवर. म्हणजे नेट मिळवायला ड्रायव्हर, ड्रायव्हर मिळवायला नेट. पूर्वी मदरबोर्डाच्या खोक्यात एक सीडी यायची, ती घातली की काम व्हायचं. आता सीडी आलीच तरी घालणार कुठे? नव्या कॅबिनेटला सात रंगांच्या पंख्यांना जागा आहे, सीडीला नाही. नेट न जोडता पुढे सरकायच्या काही चोरवाटा पोरांना माहीत होत्या, पण कंपनी त्या एकेक करून बुजवत चाललीय, असं पुतण्या म्हणाला. त्याच्या आवाजात वडिलोपार्जित पाणंद बंद झाल्याचं दुःख होतं.

इथे वहिनी कामाला आल्या. म्हणजे वहिनींचा मोबाइल. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडून 'यूएसबी टिदरिंग' चालू केलं की मोबाइलच नेटवर्क कार्ड बनतो, आणि त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. विंडोजला ही भाषा मुळातच येते. ही युक्ती कुणीही पाठ करून ठेवावी अशी आहे. अडचण एवढीच, की घरात बाकी सगळ्यांच्या मोबाइलला पासवर्ड, आणि त्यातला डेटा दुपारीच संपलेला. वहिनींचा मोबाइल काचेला तडा गेलेला, मागचं कव्हर रबर लावून बसवलेलं, आणि डेटा शिल्लक, कारण त्या भिशीच्या ग्रुपवर 'नमस्कार' टाकण्यापलीकडे काही करत नाहीत. सत्तर-ऐंशी हजारांचं ते रंगीत धूड त्या तडा गेलेल्या मोबाइलच्या आधारावर उभं राहिलं. मध्येच वहिनींना माहेरहून फोन आला. त्यांनी सवयीने वायर काढून मोबाइल उचलला आणि "बोल गं" म्हणत स्वयंपाकघरात गेल्या. माडीवरून किंकाळी आली.

पुन्हा जोडलं, तर वेगळंच. नेट आहे, पण 'काहीतरी चुकले' असं म्हणून पडदा जिथल्या तिथे. पुतण्याने पासवर्ड बदलून बघितला, खातं बदलून बघितलं. शेवटी बायोसमध्ये जाऊन पाहिलं तर मदरबोर्डाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे. कारखान्यातून निघताना जी तारीख घातली, तीच धरून बसलेलं. हा बारीक मुद्दा आहे, पण फार नडतो. आजकाल प्रत्येक वेबसाइट आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवते, आणि त्या प्रमाणपत्रावर कधीपासून कधीपर्यंत हे लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी अजून जुनंच साल चालू, त्यामुळे समोरून आलेलं प्रमाणपत्र त्याला भविष्यातलं वाटतं. भविष्यातून आलेल्या माणसाला दारात उभं करणार कोण? तारीख दुरुस्त केली आणि दार उघडलं. वेबसाइटकडनं ओके होतं, मोबाइलकडनं ओके होतं, मधलं कॅलेंडर तेवढं फाडायचं राहिलं होतं.

यथावकाश ड्रायव्हर बसले. आता वाय-फाय. मदरबोर्डात वाय-फाय अगदी ताज्या पिढीचं आहे, असं पुतण्या आठवडाभर सांगत होता. त्या ताज्या पिढीला जिन्याखालचा राउटर दिसत नव्हता. कधी एक कांडी, कधी तीही नाही. पुतण्याने भिंतींना दोष दिला, आणि त्यात तथ्य होतं. आमच्या घराच्या जुन्या भिंती इतक्या जाड, की कोनाड्यात आख्खा पितळी डबा मावतो. वाय-फायच्या लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची असल्या भिंतींतून कशीबशी पलीकडे जाते, ५ गिगाहर्ट्झची वेगवान खरी, पण भिंत दिसली की मान टाकते. हे सगळं शास्त्र पुतण्या मला वहीवर काढून दाखवत होता, तेवढ्यात खोकी भंगारात द्यायला निघालेल्या वहिनी वर आल्या. त्यांच्या हातात काळ्या रंगाची दोन शिंगं होती.

"ही कशाची? तुझ्या खोक्यात तळाला होती. टाकू?"

ते वाय-फायचे अँटेना होते. मदरबोर्डाच्या मागे दोन पितळी मळसूत्रं असतात, त्यांवर ते फिरवून बसवायचे असतात. न बसवता वाय-फाय चालू होतं, चालल्यासारखंही दिसतं, म्हणून तर लवकर कळत नाही. नवा कॉम्प्युटर जोडणाऱ्या पोरांमध्ये हे इतक्या वेळा होतं, की खोक्यावर अँटेनाचं चित्र छापण्याऐवजी तो खोक्याबाहेरच बांधून द्यायला हवा. पुतण्याने शिंगं बसवली. कांड्या तीन झाल्या. भिंतींबद्दलची वही त्याने हळूच मिटली.

पण तीन कांड्यांवर गेम चालत नाही म्हणे. म्हणून वायर टाकायची ठरली, आणि वायरचं नाव निघाल्यावर शेजारचे नाना आल्याशिवाय कसे राहतील?

नाना टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. तारेवर त्यांचं प्रेम आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं, हे ते तिथी सांगावी तसं सांगतात, आणि त्या काळी ते फोनच्याच तारेवरून यायचं हे दर वेळी जोडतात. मोडेम आधी किंचाळायचा, मग घसा खाकरायचा, मग कुठे जोडला जायचा, आणि तेवढ्या वेळात घरी कुणाचा फोन आला तर एंगेज. "पण बंद पडलं तर आवाजावरनं कळायचं कुठं अडलंय," नाना म्हणतात. "आताचं बंद पडलं तरी मुकं आणि चालू असलं तरी मुकं."

पुतण्याने वायर सोलली. आत आठ तारा बघून नानांना आपल्या खात्याचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

"आठ? आम्ही दोन तारांवर दिल्लीशी बोललोय."

"नाना, शंभरची स्पीड चार तारांवर येते. हजारला आठच्या आठ लागतात."

आठ तारांच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी एकमेकींना पीळ घालून बसलेली. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरची खरखर जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि वजाबाकीत निघून जाते, त्यासाठी आहे. पीळ सोडवायचा, तारा सरळ करायच्या, आणि ठरलेल्या क्रमाने प्लगमध्ये सारायच्या: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळी जोडी मध्येच का घुसली, असं नानांनी विचारलं. तसं ठरलंय, असं उत्तर मिळालं. नाना गप्प झाले. सरकारी नोकरीत हे उत्तर त्यांनीच अनेकांना दिलेलं असणार. मग चिमटा दाबायचा आणि कट् असा आवाज आला की झालं. माडीवरच्या टोकाचा प्लग पुतण्याने बसवला, खालच्या टोकाचा नानांनी. चष्मा कपाळावर चढवून, श्वास रोखून. ही वाटणी लक्षात ठेवा.

वायर लावली आणि राउटरचा दिवा लाल झाला.

आता हा योगायोग होता, पण नानांच्या चेहऱ्यावरचा रंग बघण्यासारखा होता. पेटीवर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागला, की समजावं बाहेरून येणारा प्रकाशच तुटलाय. घरातल्या कुणाचा हात त्याला लागलेला नाही. बाहेर जाऊन पाहिलं तर कोपऱ्यावर गर्दी. गळिताचा हंगाम सुरू झालेला. उसाने डोक्याच्या वर रचलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर गल्लीतून शॉर्टकट मारत होता, आणि खांबांवरून झोपाळ्यासारखी लोंबणारी केबल उसाच्या शेंड्यांत अडकून त्याच्याबरोबर कारखान्याला निघाली होती. ड्रायव्हरने गाणं बंद केलं, खाली उतरला, वर पाहिलं.

"वायरच खाली आलीया. आमचा ऊस मापातच हाय."

म्हणजे त्याच्याकडनंही ओके. कराड तालुक्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने नेट आणि ऊस एकाच उंचीवरून प्रवास करतात, याला कुणाचा इलाज नाही. गल्लीतली सगळीच घरं एकदम बंद पडली, त्यामुळे त्या संध्याकाळी कुणालाच दुःख झालं नाही. उलट लोक कट्ट्यावर येऊन बसले. मलकापूरने चोवीस तास मीटरने पाणी देऊन दाखवलं, मग नेटला काय धाड भरलीय, असा विषय निघाला आणि कृष्णेच्या पुरापर्यंत जाऊन पोचला.

केबलवाल्याची पोरं रात्री शिडी घेऊन आली. फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो साधारण ९ मायक्रॉन जाड, म्हणजे आपल्या केसापेक्षाही कितीतरी बारीक. तुटलेली दोन टोकं एका छोट्या यंत्रात समोरासमोर धरून विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात. ते काम बघताना नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "काच आमच्या कराडला नवी न्हाई." ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा प्रभाकर कंदील नानांच्या माळ्यावर अजून आहे. तेव्हा उजेड काचेच्या आत ठेवत, आता काचेच्या पोटातून धाडतात. शिवाय कंदिलाला ड्रायव्हर लागत नसे, हे नानांनी सांगितलंच.

दिवा हिरवा झाला. खाली सगळ्यांचे मोबाइल टिंग-टिंग वाजायला लागले. माडीवरच्या कॉम्प्युटरवर मात्र वायरच्या चित्राखाली एक ओळ: 'जोडलेले आहे, इंटरनेट नाही.'

हे वाक्य बाहेरच्या माणसाला गूढ वाटेल. कराडकराला वाटायचं कारण नाही. रेल्वेच्या तिकिटावर कराड लिहिलेलं असतं, फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर कराड लिहिलेलं असतं, रेल्वेच्या हिशेबाने तुम्ही कराडला पोचलेले असता, आणि उतरून बघावं तर ओगलेवाडी. गाव अजून कृष्णेपलीकडे. जोडलेले आहे, कराड नाही. पुढची वडाप रिक्षा मिळेपर्यंत तुमची जी अवस्था, तीच त्या कॉम्प्युटरची होती.

पुतण्याने काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' मारलं. पत्ता आला १६९.२५४ ने सुरू होणारा. जाणकार हा आकडा बघून कपाळाला हात लावतात. नेमानुसार कॉम्प्युटर वायर लागली की ओरडतो, "मला कुणी पत्ता देता का?" आणि राउटर त्याला १९२.१६८ वाला एखादा पत्ता देतो. बराच वेळ कुणी उत्तरच दिलं नाही, तर तो बिचारा स्वतःच स्वतःला एक पत्ता देऊन बसतो, तो हा. त्यावरून एवढंच कळतं, की याची हाक राउटरपर्यंत गेली नाही किंवा राउटरने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुतण्याने मग १२७.०.०.१ ला पिंग केलं. लगेच उत्तर आलं, एकही थेंब न सांडता. हा पत्ता कुणाचा, नानांनी विचारलं. आपलाच. म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःला हाक मारली आणि स्वतःच ओ दिली. "आमच्या सासऱ्यांचं असंच होतं," नाना म्हणाले, "पण त्यांना ऐंशीनंतर सुरू झालं."

फोन लावला. केबलच्या ऑफिसातून मुलीने सांगितलं, आमच्याकडनं ओके दिसतंय. पुतण्या म्हणाला, माझ्याकडनंही ओके आहे. नानांनी खालचा प्लग काढून फुंकून परत घातला आणि तेही ओके म्हणाले. मोबाइलवर नेट चालतंय म्हणजे राउटर ओके. सगळं ओके असलेली आणि तरी बंद असलेली वस्तू समोर ठेवून आम्ही चहा प्यालो.

दुसऱ्या दिवशी शिडीवाल्या पोरांतलाच एक, विशीतला, कानात बाली, हातात फक्त मोबाइल, घरात आला. त्याने कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. राउटरची पेटी उलटी केली, मागच्या चार भोकांकडे नजर टाकली.

"काका, चार नंबरमधनं काढा. एक नंबरमधी घाला."

घातली. चालू झालं.

चार नंबरचं भोक टीव्हीच्या पेटीसाठी राखीव होतं. असल्या पेट्यांमध्ये पुष्कळदा एखादं पोर्ट असं बाजूला काढून ठेवतात. त्यातून पत्ता मिळत नाही, दिवा मात्र व्यवस्थित लागतो. भोकावर कुठेही तसं लिहिलेलं नव्हतं. पुतण्याला खिडकीजवळचं म्हणून चार नंबरचं सोयीचं वाटलं होतं.

"पण हे लिहायचं नाही का रे वर?" मी विचारलं.

"त्येला काय लिहायचं? सगळ्यांस्नी म्हाईत हाय की."

चहा न घेता गेला. पुढचे फोन येत होते.

आता कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. पण नवं नेट आलं, की कराडात त्यावर पहिलं काम स्पीड टेस्टचंच होतं. आधीच्या पिढीने नवी मोटारसायकल घेऊन वाठारपर्यंत जाऊन यावं, तसं. पुतण्याच्या मदरबोर्डाचं पोर्ट २.५ गिगाबिटचं. घरची योजना २०० एमबीपीएसची. सगळे माडीवर जमले. काटा सरसर वर गेला आणि ९४ वर थांबला. पुन्हा केलं, ९४. वहिनींनी विचारलं, शंभरातले ९४ म्हणजे चांगलेच की. पण पुतण्याचा चेहरा उतरला, कारण या आकड्याला अर्थ आहे. शंभरच्या वायरीवर खरा माल तेवढाच वाहतो, ९४-९५. म्हणजे केबल हजारने नव्हे, शंभरने जोडली गेली होती. म्हणजे आठपैकी चारच तारा कामाला होत्या. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार एका कुठल्यातरी प्लगमध्ये नीट बसलेली नव्हती.

प्लग दोन होते.

"माझा मी दोनदा दाबलाय," पुतण्या म्हणाला.

"मी तारा बसवायला लागलो तेव्हा तुझे वडील शाळेत होते," नाना म्हणाले.

दोघांनीही आपापलं टोक हातात घेऊन प्रकाशाकडे धरलं. दोघांनाही आपापल्या टोकात आठ रंग स्वच्छ दिसले. पुतण्याने चिमट्याकडे हात नेला, नानांनी चष्मा कपाळावर चढवला. वहिनी पुढे झाल्या, चिमटा उचलला आणि खाली नेऊन धान्याच्या कपाटात ठेवला.

"९४ पुरे झाले. दहावीला तुला एवढेसुद्धा नव्हते."